मुलगी जेवत नाही तेव्हा

१८७३ साली लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या डॉक्टरांनी एकाच आजाराचं वर्णन केलं. वयात येणाऱ्या मुली, शरीरात दुसरा कुठलाच रोग सापडत नाही आणि तरी अन्न नाकारून नाकारून अंगावर नुसती हाडं उरलेली. गल यांनी या आजाराला दिलेलं ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव आजवर टिकलं आहे. त्यांचं आणखी एक मतही तितकंच टिकलं. अशा मुलीची शुश्रूषा करायला घरची माणसं सर्वांत अपात्र, असं त्यांना वाटायचं. लासेग यांचा सूर जरा मवाळ होता. घरच्यांजवळ आर्जवं आणि धमक्या असे दोनच उपाय असतात आणि दोन्ही वाया जातात, हे त्यांनी नेमकं टिपलं होतं. पुढे पॅरिसमध्येच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्याकडे आंगुलेमहून एक मुलगी आली. आईवडील जवळ होते तोवर ती खाईना. शार्को यांनी त्यांना दूर व्हायला लावलं आणि मुलगी खाऊ लागली. एवढ्यावरून सिद्धान्त तयार झाला: आधी मुलीला घरापासून तोडा, मग उपचार करा.

हा सिद्धान्त जवळजवळ शंभर वर्षं चालला. मुलीला वॉर्डात ठेवायचं, भेटी बंद करायच्या, आणि वजन वाढलं तर बक्षीस म्हणून आईला भेटू द्यायचं. विसाव्या शतकात मानसशास्त्राची भाषा बदलली, पण आईवडिलांची बदनामी तशीच राहिली. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांनी या मुलींच्या मनात डोकावून फार बारकाईनं लिहिलं. त्यातून वाचकांच्या मनावर ठसलं ते मात्र मुलीला स्वतःचं असं काही उरू न देणाऱ्या आईचं चित्र. फिलाडेल्फियाच्या साल्वाडोर मिनुचिन यांनी १९७८ च्या पुस्तकात अशा कुटुंबाची लक्षणंच सांगितली: एकमेकांत गुंतलेलं, अतिकाळजी करणारं, ताठर आणि भांडण टाळणारं. (ही लक्षणं वाचून निम्म्या सदाशिव पेठेला आपल्याच घराचं वर्णन वाचतोय असं वाटेल. तिथल्या सगळ्या मुली काही अन्न सोडत नाहीत.)

हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे तो संपलेला नाही. आपल्या शहरांतल्या बऱ्याच समुपदेशन केंद्रांत आजही चौदा वर्षांच्या मुलीला आत घेतात आणि आईबाबांना ‘तुम्ही जरा बाहेर बसा’ असं सांगतात. आत तासभर बोलणं होतं. मुलगी हुशार असते, छान बोलते, समुपदेशकालाही समाधान वाटतं. मग ती घरी जाते. पुढच्या आठवड्यातल्या भेटीपर्यंत घरात नाश्ता आणि जेवणं मिळून निदान एकवीस वेळा ताट वाढलं जातं आणि त्या एकवीस वेळांचं काय करायचं हे कोणीच कोणाला सांगितलेलं नसतं. आजार त्या ताटांशी घडतो. तिथे जी माणसं हजर असतात त्यांनाच उपचारातून वगळायचं, याला मी तरी उपचार म्हणणार नाही.

किशोरवयीन मुलाच्या खाण्याच्या आजारात आईवडिलांना दोषी धरणं चूक आहे आणि त्यांच्यावर जबाबदारी न टाकणं ही त्याहून मोठी चूक आहे, असं माझं मत आहे. आपल्याकडे नेमकं उलट होतं. दोष भरपूर मिळतो, जबाबदारी आणि ती पेलण्याचं बळ मात्र कोणी देत नाही.

लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमधल्या मंडळींनी या गोष्टीला वेगळं वळण दिलं. जेराल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर, आयव्हन आयस्लर आणि जॉर्ज झ्मुकलर यांनी १९८७ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. ८० रुग्णांचं वजन आधी हॉस्पिटलात भरून काढलं होतं. घरी सोडल्यावर काहींना वर्षभर कुटुंबासह उपचार दिले, काहींना एकट्यानं. आजार एकोणिसाव्या वर्षाच्या आत सुरू झालेला आणि तीन वर्षांहून जुना नसलेला, अशा रुग्णांना कुटुंबासह केलेल्या उपचारांचा स्पष्ट फायदा झाला. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही तो टिकलेला होता. मोठ्या वयाच्या रुग्णांत तसं दिसलं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

गंमत अशी की यातलं तंत्र बऱ्याच अंशी मिनुचिन यांचंच होतं. तेही कुटुंबाला एकत्र जेवायला बसवत आणि आईवडिलांना अधिकार हातात घ्यायला लावत. मॉडस्लीच्या लोकांनी तंत्र ठेवलं आणि त्यामागचा आरोप काढून टाकला. आजार का झाला या वादात आम्ही पडत नाही, मुलीला जेवू कसं घालायचं ते पाहू, एवढीच भूमिका त्यांनी घेतली. वैद्यकाच्या इतिहासात कारण ठाऊक नसताना उपाय लागू पडल्याची उदाहरणं कमी नाहीत. पण चुकीचं कारण सोडून देताच उपाय अधिक कामाचा ठरला, असं उदाहरण विरळाच.

अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज यांनी २००१ मध्ये या पद्धतीची पुस्तिका केली, म्हणजे ती इतरांना शिकवता येऊ लागली. २०१० मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड आणि शिकागो इथल्या १२१ मुलामुलींवरचा अभ्यास छापला. उपचार संपल्यावर एक वर्षानं, कुटुंबासह उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्यानं घेतलेल्यांपैकी २३ टक्के. उपचार संपले त्या दिवशी हा फरक इतका स्पष्ट नव्हता, तो पुढच्या वर्षात उघड झाला. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शिकेत लहान आणि किशोरवयीन मुलांच्या अ‍ॅनोरेक्सियासाठी कुटुंबासह उपचारालाच पहिलं स्थान दिलं.

पद्धत ऐकायला सोपी वाटते. तीन टप्पे, साधारण वर्षभराचा काळ. पहिल्या टप्प्यात काय, किती आणि कधी खायचं हे सगळं आईवडील ठरवतात. दुसऱ्यात वजन सावरलं की हळूहळू हा अधिकार मुलीकडे परत जातो. तिसऱ्यात खाण्याचा विषय मागे पडतो आणि अभ्यास, मैत्रिणी, चिडचिड, प्रेम अशा त्या वयाच्या गोष्टींना जागा मिळते. दर भेटीत वजन घेतात आणि ते सगळ्यांसमोर मांडतात. पहिल्या चार-पाच भेटींत सव्वादोन किलोच्या आसपास वजन वाढलं तर पुढे बरं होण्याची शक्यता चांगली, असा अनुभव आहे. म्हणून सुरुवातीचे आठवडे गमावायचे नसतात. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे थेरपिस्ट आहाराचा तक्ता हातात देत नाही. तो आईवडिलांना म्हणतो, या पोरीला तेरा वर्षं तुम्हीच वाढवलंत, उपाशी मुलाला काय घालायचं हे तुम्हाला कळतं. महिनोन्‌महिने कॅलरीच्या कोष्टकांनी आणि मुलीच्या युक्तिवादांनी खच्ची झालेल्या आईला हे वाक्य पुन्हा उभं करतं.

दुसऱ्या भेटीत कुटुंबानं घरून जेवण आणायचं असतं आणि थेरपिस्टसमोर बसून जेवायचं असतं. असं जेवण आपल्या घरी कसं दिसेल ते जरा जवळून पाहू. ताटात दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरणभात, त्यावर तुपाची धार. मुलगी पोळीचे नखाएवढे तुकडे करते. पोळीला लावलेलं तूप ती भातावर पुसते, मग तो भात ताटाच्या कडेला सरकवते. वाटीतलं वरण ढवळत राहते, खात नाही. वीस मिनिटं जातात. बाबांचा संयम सुटतो: ‘अगं, किती खर्च करतोय आम्ही तुझ्यासाठी!’ थेरपिस्ट त्यांना थांबवतो, खर्चाचा विषय इथे नको. आई म्हणते, ‘एवढी पोळी तरी खा ना बाळा, माझ्यासाठी.’ तिलाही तो थांबवतो. लासेग यांच्या नोंदीतली आर्जवं आणि धमकी दोन्ही दीडशे वर्षांनी त्याच टेबलावर हजर! मग तो आईबाबांना मुलीच्या दोन्ही बाजूंना बसवतो आणि दोघांनी एकच वाक्य, एकाच सुरात बोलायला सांगतो: ‘तुला भीती वाटतेय ते आम्हाला दिसतंय. तरी ही पोळी संपवायची आहे.’ मुलगी रडते, ओरडते, ‘तुम्हाला मला जाड करायचंय’ म्हणते. दोघं चिडत नाहीत, वाद घालत नाहीत, उठतही नाहीत. तेच वाक्य पुन्हा. तिनं स्वतः ठरवलं होतं त्यापेक्षा एक घास जास्त खाल्ला, तरी त्या दिवसाचं काम झालं.

घरी याच्या पुढचं करावं लागतं. जेवणानंतर तासभर कोणीतरी तिच्याजवळ बसायचं, पत्ते खेळायचे किंवा मालिका बघायची, कारण काही मुली लगेच बाथरूममध्ये जाऊन उलटी काढतात. उभ्यानं अभ्यास करणं आणि निमित्त काढून चार मजले चढणं थांबवायचं. शाळेतला डबा मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेसमोर खायचा, तेही जमलं नाही तर काही आठवडे शाळा बंद. हे दिवसातून पाच-सहा वेळा, महिनोन्‌महिने. इतकं काम दुसरं कोण करणार? पगारी नर्स आठ तासांनी घरी जाते.

एवढी कडक शिस्त कशाला, समजावून सांगितलं तर हुशार मुलीला कळणार नाही का, असा प्रश्न येतोच. याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिनेसोटात मिळालं होतं. अ‍ॅन्सेल कीज यांनी युद्धात लढायला नैतिक नकार दिलेल्या ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, एकेक जेवण लांबवत नेऊ लागले. ते चिडचिडे झाले, माणसांतून उठले. त्यांना आधी कुठलाही मानसिक आजार नव्हता, हे सगळं उपासमारीनं घडलं. म्हणजे आपण मुलीचा स्वभाव समजतो त्यातलं बरंच काही निव्वळ उपाशी मेंदूचं काम असतं. अशा मेंदूशी तर्कानं वाद घालून जिंकता येत नाही. त्याला आधी खाऊ घालावं लागतं. म्हणून या पद्धतीत आजार आणि मुलगी ही दोन वेगळी माणसं धरतात. ‘नाटकं करते’, ‘हट्टी आहे’, ‘लक्ष वेधून घ्यायचंय’ ही आपल्या घरांतली तीन ठरलेली निदानं तिथे चालत नाहीत.

आता दोषाकडे येतो. मुलगी खात नाही म्हटलं की आपल्याकडे पहिलं बोट आईकडे जातं. नोकरी करत असेल तर ‘लक्ष नाही’, घरी असेल तर ‘फार मागे लागते’. स्वतः डाएट करत असेल तर मग काही विचारायलाच नको. प्रत्यक्षात जुळ्यांवरच्या अभ्यासांतून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दिसलं आहे. २०१९ मध्ये सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात आजाराशी निगडित अशा आठ जागा सापडल्या आणि मनाच्या आजारांइतकाच चयापचयाशीही संबंध दिसला. कुटुंब हे या आजाराचं मूळ किंवा एकमेव कारण मानता येत नाही, अशी भूमिका खाण्याच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अकादमीनंही घेतली आहे. घरातली कडवट हवा आजार लांबवू शकते, हे मात्र खरं, आणि ते लपवून उपयोग नाही. ज्या घरांत आईवडील मुलीवर फार टीका करतात, तिथे सगळ्यांना एकत्र बसवून केलेला उपचार कमी लागू पडतो. अशा वेळी आईवडिलांना वेगळं भेटणं बरं, हे मॉडस्लीच्याच पुढच्या अभ्यासांत दिसलं. मेलबर्नमध्ये शंभराहून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तर थेरपिस्टनं फक्त आईवडिलांना भेटायचं आणि मुलीला नर्सनं पाहायचं, ही पद्धत उपचार संपताना एकत्र भेटींपेक्षा सरस ठरली. पुढे हा फरक बराच मिटला. तरी कुटुंबाला सामील करणं म्हणजे सगळ्यांना एका खोलीत कोंबणं नव्हे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

इथे एक जुना भारतीय अभ्यास आठवतो. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चंडीगडचे डॉ. एन. एन. विग आणि लंडनचे ज्युलियन लेफ यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांचं बोलणं तपासलं. चंडीगडची कुटुंबं लंडनच्या कुटुंबांपेक्षा पुष्कळ कमी टीका करणारी निघाली. आपल्याला अभिमान वाटावा असं ते निरीक्षण. पण खाण्याच्या बाबतीत आपण तितके दिलदार आहोत असं मला वाटत नाही. वेड्या समजल्या गेलेल्या माणसाला आपण दैवाचा भाग म्हणून सांभाळतो. ताट बाजूला सारणारी मुलगी मात्र आपल्याला उर्मट वाटते, अन्नाचा अपमान करणारी वाटते. आणि आपल्याकडे टोमणा ही फार प्रगत कला आहे. ‘आमच्या वेळी नाही बाई असली थेरं’ म्हणणारी आत्या आणि लग्नात भेटल्यावर ‘अय्या, किती बारीक झालीस, छान दिसतेस!’ म्हणणारी मावशी, या दोघींनी मिळून महिन्याभराची मेहनत एका दुपारी पाण्यात घातली, असं घडू शकतं.

कुटुंबाला दूर ठेवण्याची परंपरा मुळात आपली नव्हतीच. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं. पाठोपाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रात घरचं माणूस सोबत राहणं हा रीतसर नियमच झाला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर सांगतो की अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल केलं तर पालकानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं पूर्ण काळ सोबत राहिलंच पाहिजे, आणि मुलीचा पालक पुरुष असेल तर सोबत बाई हवी. शार्को यांच्या नियमाच्या हे अगदी उलट. पुण्यात १९८६ पासून डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसाच्या बायकोला उपचाराचा भाग मानलं गेलं, तिच्यासाठी ‘सहचरी’ गट चालू झाला. म्हणजे ही कल्पना आपल्याला नवी नाही. मुक्तांगणनं हजर असलेल्या माणसाला नेमकं काम दिलं, हे मोलाचं. खाण्याच्या आजारात आपल्याकडे कुटुंब हजर असतं, पण त्याला काम दिलेलं नसतं. मग प्रत्येक जण आपापलं काम शोधतो. आजी गुपचूप लाडू देते, काका योगाचे व्हिडिओ पाठवतात, शेजारीण दृष्ट काढायला सांगते आणि मुलगी या सगळ्यांच्या मधून सहज निसटते.

मराठी घरात तिला निसटायला आणखी एक राजमार्ग असतो, तो उपवासाचा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. आजवर देवाकडे ढुंकून न पाहणारी मुलगी अचानक आठवड्यातून तीनदा उपवास करू लागली तर घरात कौतुकच होतं. साबुदाण्याची खिचडी तिनं खाल्ली का, हे कोणी पाहत नाही. शिवाय आपल्याकडच्या सगळ्याच मुली ‘मी जाड आहे’ असं म्हणत नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये अशा पाच तरुणींची नोंद केली. अन्न बंद, वजन घटलेलं, पाळी गेलेली, पण पाश्चात्त्य पुस्तकांतली शरीराच्या आकाराबद्दलची ती ठरावीक भावना नाही. हाँगकाँगच्या सिंग ली यांनाही असेच रुग्ण भेटले होते. पोट दुखतं, भूक नाही, जड वाटतं, उपवास आहे, अशी कारणं आपल्याकडे पुढे येतात आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांत सहा महिने जातात. पाळी चुकलेली आणि उपवास वाढलेले, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्यांचा संबंध लावायला घरातल्या माणसांइतकी सोयीची जागा कोणाची नाही.

या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप स्वातंत्र्याचा आहे आणि तो मला उडवून लावावासा वाटत नाही. ज्या मुलीचे कपडे, शाखा, मैत्रिणी, घरी यायची वेळ हे सगळं दुसरे ठरवतात, तिच्या हातात खाणं किंवा न खाणं एवढंच उरलेलं असतं. तेही काढून घ्यायचं? ब्रूख यांना हेच दिसलं होतं आणि त्यात त्या चुकल्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली गेलेली, उभं राहिल्यावर चक्कर येणारी, हाडं ठिसूळ होत चाललेली मुलगी खाणं सोडते तेव्हा निवड करत नसते. निवड करणारी ती उरलेलीच नसते. तिला परत आणण्यासाठी काही महिने तिच्या वतीनं निर्णय घ्यावे लागतात. तुटलेलं हाड जुळेपर्यंत प्लास्टर लागतं. मात्र जुळल्यावर ते काढावंच लागतं, नाहीतर स्नायू वाळतात.

आणि इथेच आपल्या घरांची खरी परीक्षा आहे. लंडन-शिकागोच्या आईवडिलांना पहिला टप्पा जड जातो. चौदा वर्षांच्या मुलीला ‘खाल्ल्याशिवाय उठायचं नाही’ असं सांगणं त्यांना जुलमासारखं वाटतं, थेरपिस्टला त्यांना धीर द्यावा लागतो. आपल्याला ते जड जाणार नाही. ‘पानात टाकायचं नाही’ हे ऐकतच आपण वाढलो. आपल्याला पुढचे दोन टप्पे जड जाणार. वजन पूर्ववत झालं, पाळी आली, मुलगी हसू लागली, तरी आई तिच्या ताटावरून नजर काढणार नाही, आणि ताटाबरोबर तिचा फोन, तिचा शिकायचा विषय, तिचं मित्रमंडळ हेही ताब्यात राहील. आजाराच्या निमित्तानं हाती आलेली सत्ता आपण ‘काळजी’ या नावाखाली कायमची करून टाकू. मग मुलीनं उपाशी राहून जे मिळवायचा प्रयत्न केला होता ते तिला बरं होऊनही मिळणार नाही. म्हणून भारतात ही पद्धत शिकवणाऱ्यांनी निम्मा वेळ अधिकार घ्यायला शिकवण्यात घालवू नये, तो परत द्यायला शिकवण्यात घालवावा. कुठल्या वजनाला मधल्या वेळचं खाणं तिच्यावर सोपवायचं, कधी तिनं मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायला एकटीनं जायचं, हे पहिल्याच महिन्यात लिहून ठेवावं.

‘कुटुंब’ म्हटलं की आपल्याकडे प्रत्यक्षात आई राबते, ही दुसरी अडचण. केंद्र सरकारच्या नोकरीत मुलांच्या संगोपनासाठी बाईला एकूण ७३० दिवसांची रजा मिळते, मूल आजारी असतानाही. पुरुषाला ती तो एकल पालक असेल तरच मिळते. म्हणजे सरकारी नियमांनीही ठरवून टाकलं की आई असताना बापानं ताटाशी बसायची गरज नाही. खाजगी नोकरीत तर दोघांनाही अशी रजा कायद्यानं मिळत नाही. एक पालक थकला की दुसऱ्यानं सूत्रं घ्यावीत हे या उपचारात गृहीत आहे. एकटीनं सहा महिने रोज सहा वेळा हा सामना करणारी आई शेवटी एका संध्याकाळी ‘जाऊ दे, नको खाऊस’ म्हणते. त्यात तिचं काही चुकत नाही, पण आजाराला तेवढी एक संध्याकाळ पुरते.

ही पद्धत म्हणजे रामबाण नव्हे. चांगल्या केंद्रांतही निम्म्याच्या आसपास मुलं पूर्ण बरी होत नाहीत, त्यांना आणखी वेगळे उपचार लागतात. घरातच मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर त्याच माणसांच्या हाती ताट देणं हा गुन्हा ठरेल. पालकच दारूत किंवा स्वतःच्या नैराश्यात बुडालेला असेल तर आधी त्याच्याकडे पाहावं लागतं. बुलिमियात, म्हणजे भराभर खाऊन मग ओकून टाकण्याच्या आजारात, मुलीला स्वतःलाच लाज वाटत असते. तिथे तिला विश्वासात घेऊन, तिच्या बरोबरीनं काम करावं लागतं, नुसता हुकूम चालत नाही. मुलग्यांकडे तर आपलं लक्षच नाही. जिमच्या आणि प्रोटीन पावडरच्या आडून त्यांच्यातही हा आजार वाढतो आणि घरात त्याला ‘फिटनेस’ म्हणतात. आणि फार काळ उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न घालणं जीवघेणं ठरू शकतं. रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं घसरतं आणि हृदय कोलमडतं. म्हणून सुरुवात नेहमी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासून आणि ईसीजी काढून करायची, गरज पडली तर दाखल करून. मनाच्या आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यू ज्या आजारांत होतात त्यांपैकी हा एक आहे. काही मृत्यू उपासमारीनं होतात, काही आत्महत्येनं.

तुमच्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा असेल तर या आठवड्यात बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे जाऊन वजन, नाडी आणि रक्तदाब मोजून घ्या, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तिथे पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा: घरी जेवणाच्या वेळी आम्ही काय करायचं, वजन कोण आणि कधी घेणार, आणि हा अधिकार मुलीला परत कधी द्यायचा. ‘तुम्ही काळजी करू नका, आम्ही तिच्याशी बोलतोय’ एवढंच उत्तर येत असेल आणि महिन्याभरात वजन वाढलं नसेल, तर संकोच न करता दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.